वहिनीची पट्टी

१२ जुलै, शनि.

जे झालं ते आधी क्रमाने.

१. गणपतीच्या कार्यक्रमाची पहिली तालीम. दादा-वहिनीकडे, जेवणानंतर.
२. पेटीवर मी. नेहमीप्रमाणे काळी पाच धरली. वहिनी लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हापासून तिची पट्टी तीच.
३. तिने पहिली ओळ घेतली. वरच्या सा ला पोचलीच नाही. म्हणाली, "अनू, खाली घे जरा."
४. काळी चार. "अजून."
५. काळी तीनवर नीट बसली. सगळा अभंग म्हटला.
६. स्वयंपाकघरातून दादा: "घसा बसलाय तिचा. एसीने."
७. बसलेला घसा खरखरतो. हा खरखरत नव्हता. स्वच्छ होता. नुसता एक मजला खाली उतरला होता.
८. पेटीचा भाता लावला आणि निघाले.

बाहेर पडल्या पडल्या चष्म्यावर वाफ. ह्यूस्टनजवळच्या या शुगर लँडला जुलैत दार उघडलं की जग आधी पांढरं होतं, मग हळूहळू त्याला कडा येतात. गाडीपाशी तशीच उभी राहिले. पुसला नाही. त्या पांढऱ्यात मागून वहिनीची हाक आली, "डबा विसरलीस गं," आणि क्षणभर मला कळलं नाही की कोण हाक मारतंय.

१३ जुलै, रवि.

आईचा फोन, पुण्याहून. दादाने तिला घशाचं सांगितलेलं दिसतंय.

"ज्येष्ठमध चघळायला सांग तिला. आणि थंड पाणी बंद म्हणावं. तुमच्याकडे सगळे बर्फातच पितात."
"सांगते."
"तू सांगत नाहीस. तू 'सांगते' म्हणतेस."

खरं आहे.

१६ जुलै, बुध.

दिवसभर किनाऱ्याकडच्या गॅस पाइपलाइनच्या स्टेशनवर. तिसऱ्या कॉम्प्रेसरला सेन्सर लावले. बेअरिंग जायच्या कितीतरी आधी यंत्राच्या आवाजात एक बारीक रेघ उगवते. कानाला कळत नाही, स्क्रीनवर दिसते. मला पगार ती रेघ बघण्याचा मिळतो.

जाता-येता भाताची शेतं, त्यात बगळे. उन्हाने रस्ता पुढे पाण्यासारखा हलत होता आणि बगळे त्या नसलेल्या पाण्यातही उभे आहेत असं वाटत होतं.

घरी आल्यावर एक केलं. वहिनी मेसेज टाइप करत नाही, बोलून पाठवते. असे तिचे कितीतरी निरोप माझ्या फोनवर आहेत: येताना कोथिंबीर आण, दादाला सांग किल्ली कुंडीखाली आहे. ते कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले. गेल्या दिवाळीत तिचा बोलण्याचा आवाज २१४ हर्ट्झच्या आसपास. मार्चपर्यंत तेवढाच. मग उतरायला लागतो. परवाचा निरोप १६८.

सर्दीने असं होत नाही. एसीने तर नाहीच. तार जाड झाली तरच स्वर असा उतरतो आणि तिथेच राहतो. गळ्यातली तार जाड करणारी कारणं थोडी आहेत. बाईच्या गळ्यातली तर फारच थोडी.

तिचे दंड आठवले. फेब्रुवारीत हळदीकुंकवाला तिच्या ब्लाउजच्या बाह्या उसवून घेतल्या होत्या.

निष्कर्ष लिहिला नाही. तिला विचारेपर्यंत तो माझा अंदाज आहे.

२६ जुलै, शनि.

वहिनीची गाडी गॅरेजमध्ये, म्हणून तिला जिममधून आणायला मी गेले. घामाने भिजलेली, खूश. वाटेत म्हणाली, किती धूळ बसलीय गाडीवर, धुऊन घे. गाडी धुण्याच्या बोगद्यात घेतली. गिअर न्यूट्रलला, हात मोकळे, गाडी आपोआप पुढे सरकते. काचांवर गुलाबी-निळा फेस आला आणि बाहेरचं सगळं गेलं.

तिथे विचारलं. "वहिनी, तू काय घेतेस?"
"कशावरून?"
"आवाजावरून."
फेस खाली ओघळत होता. तिचं नागपूर बाहेर आलं. "काऊन, इतका वाईट वाटतो का?"
"वाईट नाही. जाड."
ब्रश टपावर आले. मग म्हणाली, "ट्रिश देते. गोळ्या." ट्रिश म्हणजे तिची कोच. "मुलींसाठीच्या आहेत. हलक्या."
"हलक्या म्हणजे?"
"म्हणजे दाढी येत नाही बे." आणि हसली. ते हसणंही खालच्या मजल्यावरचं.

जानेवारीपासून घेते. ऑक्टोबरच्या अकराला ह्यूस्टनमध्ये तिची बॉडीबिल्डिंगची पहिली स्पर्धा. तिथे कोणी काही तपासत नाही. "सगळ्याच घेतात. जी नाही म्हणते ना, ती जास्त घेते." डबीवर नीट लेबलसुद्धा नाही. स्टेरॉइड आहे एवढं तिला माहीत आहे. कुठलं, किती, कोणी बनवलेलं, ते ट्रिशला माहीत.

"दादाला सांगू नको."
"मी होऊन सांगणार नाही. त्याने विचारलं तर खोटं बोलणार नाही."
"तो कशाला विचारतोय. मी एकटी सोफा हलवते, तो त्यातच खूश."

शेवटी मोठा पंखा येतो आणि पाण्याचे थेंब काचेवरून वर वर पळतात. आम्ही दोघी ते बघत राहिलो. बाहेर आलो तेव्हा ऊन इतकं होतं की दोघींनी एकदम डोळे मिटले.

२९ जुलै, मंगळ.

स्वप्न. कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये आहे. यंत्र बंद, पण हात ठेवला तर आत कुणीतरी गातंय. काळी पाच. मी झाकणाचे नट सोडवते आहे, ते संपत नाहीत. घाई नाही. भीती नाही. नुसतं सोडवते आहे.

उठल्यावर स्वतःशी स्पष्ट केलं: मला तिचा जुना आवाज परत हवा आहे. हे निरीक्षण नाही, इच्छा आहे. दोन्ही एका रकान्यात टाकायचं नाही.

३ ऑगस्ट, रवि.

वहिनी कशी होती ते आठवत होते. नागपूरहून आली ती दादाच्या व्हिसावर. काम करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, चालत जावं असं इथे काही नाही. अडीच वर्षं त्या घरात. तांदळाची पिशवी उचलली की दादा धावायचा, "राहू दे, तुला नाही झेपणार." मंडळातल्या काकू म्हणायच्या, "किती नाजूक आहे हो तुमची." ती हसायची आणि गायची. मला वाटायचं, किती शांत आहे.

मग परवानगी आली, सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी आली आणि जिम. एकदा तिने मला तळहात दाखवला होता. घट्टे. "बघ, माझे आहेत," म्हणाली. दुसऱ्या कुणाचे असणार, असं मी म्हणाले होते. तेव्हा कळलं नव्हतं.

९ ऑगस्ट, शनि.

तालीम. दादा हार्डवेअरच्या दुकानात गेलेला. वहिनीने मध्येच फोन काढून पुढे केला. तिचे रक्ताचे रिपोर्ट. डॉक्टरकडे न जाता, स्वतःच लॅबमध्ये जाऊन केलेले.

चांगलं कोलेस्टेरॉल जवळजवळ नाहीच. लिव्हरचे आकडे लाल.

"लिव्हर म्हणतंय पार्टी चाललीय."
"पाळी?"
"सुट्टीवर. एप्रिलपासून."
"डॉक्टरांना दाखव."
"दाखवलं तर बंद कर म्हणतील. स्पर्धेनंतर सगळं नॉर्मल होतं. ट्रिशचं झालं."

मी तिला दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. रक्त, लिव्हर, पाळी, हे बंद केल्यावर मार्गावर येऊ शकतं, सहसा येतं, पण डॉक्टरच्या नजरेखाली. आवाजाचं तसं नाही. जाड झालेली तार परत बारीक होईल याची खात्री कोणी देत नाही. उतरला तिथे थांबतो, आणि घेत राहिलीस तर अजून उतरतो.

ती पेटीच्या पट्ट्यांवरून बोट फिरवत होती, न दाबता. मग म्हणाली, "अनू, ऑफिसच्या मीटिंगमध्ये आता मला कुणी मध्ये तोडत नाही. आधी मी बोलायला लागले की कुणीतरी सुरू व्हायचं. आता थांबतात. माझं वाक्य संपेपर्यंत थांबतात. तुला माहितेय हे काय असतं?"

माहीत आहे. शेडवर मी बोलते तेव्हा लोक स्क्रीनकडे बघतात, माझ्याकडे नाही. "तरी पण," एवढंच म्हणाले, आणि पेटीचा भाता मोकळा केला.

दादा आला. खिळे आणि एक भलं मोठं कलिंगड. "काय, झाली का तालीम? घसा कसाय?"
"मस्त," वहिनी म्हणाली. कलिंगड तिनेच उचललं.

१७ ऑगस्ट, रवि.

हे सावकाश लिहायला हवं.

सकाळी त्यांच्याकडे. दादा मागे गवत कापत होता, मशीनचा आवाज काचेतून माशीसारखा. मी मटार सोलत होते. वहिनी काट्यावर चिकन तोलत होती, डब्यांमध्ये भरत होती. ओट्यावर दादाचा फोन वाजला. आई. वहिनीचे हात खराब, तिने कोपराने स्पीकर लावला. "हॅलो."

आई: "अरे, किती वेळ लावतोस उचलायला."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. एक भुवई वर. मला वाटलं आता हसेल. ती म्हणाली, "बोल ना." दोनच शब्द, दादासारखे, शेवट जरा ओढून.

"सूनबाई जवळ आहे?"
"नाही."
"मग ऐक. तिला कळू देऊ नकोस मी काय म्हणते ते. ती गाते का रे हल्ली? घसा घसा म्हणतोस, पण इतके महिने कुठे घसा बसतो? मागच्या गौरींना तिने फोनवर म्हटलं होतं ना, ते आपल्या अनूने मला ठेवून दिलंय. रोज सकाळी दिवा लावताना लावते. तुझे बाबा गेल्यापासून घरात दुसरा आवाज नाही. ते संपलं की मग मी चहा टाकते. तिला सांगू नकोस हं, तिला वाटेल म्हातारी काय काय साठवून ठेवते. पण तिला जप. दमते ती."

वहिनी हातात चिकनचा तुकडा धरून उभी होती. काट्यावरचा आकडा शून्यावर.

"बरं," ती म्हणाली. त्या एका शब्दात तिने आवाज वर न्यायचा प्रयत्न केला. मला ऐकू आला तो प्रयत्न. गेला नाही. मधेच फुटला.

"तुझाही घसा बसलाय वाटतं," आई म्हणाली. "ज्येष्ठमध घे दोघंही." आणि फोन ठेवला.

मागे गवताचं मशीन थांबलं. हिरवा वास आत आला. वहिनीने हात धुतले, खूप वेळ धुतले. पाठ माझ्याकडे. रुंद, सुंदर पाठ, हेही नोंदवायला हवं.

"सात वर्षांत मला एकदा म्हणाल्या नाहीत की आवडतं," ती म्हणाली. "आणि सांगतात कुणाला? तुझ्या भावाला."
"तुलाच सांगितलं."
"नाही. त्याला."

दादा आत आला, बुटांना गवत. "कुणाचा फोन होता?"
"आईंचा. ज्येष्ठमध घे म्हणाल्या."
"मी? मला काय झालंय?"

तिने त्याच्याकडे बघितलं आणि हसायला लागली, मग मीही. दादा आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होता. आम्ही थांबू शकत नव्हतो. डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याचंच होतं असं मी धरते.

२३ ऑगस्ट, शनि.

तालीम रद्द. वहिनीने कारण दिलं नाही. निरोप आला तो टाइप केलेला. तिचा टाइप केलेला निरोप मी पहिल्यांदाच बघितला. शब्दांत काही नाही: आज नको, पुढच्या शनिवारी डायरेक्ट भेटू.

घराजवळच्या तळ्यामागच्या रस्त्यावर चालून आले. संध्याकाळचे सिकाडा किडे झाडांत सुरू झाले की हवाच वाजते आहे असं वाटतं. कुठून येतो आवाज ते सापडत नाही. झाडाखाली गेलं की त्या झाडाचा थांबतो आणि पलीकडच्याचा सुरू होतो.

३० ऑगस्ट, शनि.

मंडळाचा गणपती. शाळेचा हॉल भाड्याने, बास्केटबॉलच्या रेघांवर सतरंज्या. बाहेर पारा शंभर फॅरनहाइटच्या वर, आत इतकं गार की काकू शालीत.

वहिनी मोरपिशी साडीत. लांब बाह्यांचं ब्लाउज. मी काळी तीन धरली. तिने नकार दिला, मान हलवून. "पाच," ओठांनीच. मी तिच्याकडे बघितलं. "पाच दे, अनू."

दिली.

खालचा भाग नीट गेला. मधला गेला, काठाकाठाने. अंतऱ्याला वरच्या सा ला ती पोचली आणि तिथे आवाज दोन झाला, एक वर राहिला, एक खाली पडला, आणि मध्ये काहीच नाही. ती थांबली नाही. त्या काहीच नसलेल्यातून गात गेली. मी पेटीवर तिच्यासाठी तो सा धरून ठेवला, भाता रिकामा होईपर्यंत.

टाळ्या. पुढच्या ओळीतल्या काकू डोळे पुसत होत्या. "किती भावुक होऊन गायलीस," म्हणाल्या. आणि एक काका: "आवाजाला काय भारदस्तपणा आलाय यंदा." वहिनी दोघांनाही वाकून नमस्कार करत होती. दादा व्हिडिओ काढत होता. आईला पाठवायला.

पार्किंगमध्ये मी तिला म्हटलं, "कशाला पाच?"
"बघायचं होतं, आहे का अजून."
"आणि?"
प्रसादाचा डबा तिने गाडीच्या टपावर ठेवला. खालून डांबराची ऊब येत होती, पायांना.
"तिथे कुणीतरी आहे," ती म्हणाली. "मी नाही. पण कुणीतरी आहे."

मग: "अकरा ऑक्टोबर. त्यानंतर बंद. नक्की."
"त्याआधी डॉक्टर."
"तू मला माझा आवाज परत आणायला सांगतेस की आईंचा?"

मी टपावरचा डबा नीट सरकवला. विचार केला. माझाही, हे उत्तर होतं.

"मला हा आवडतो, अनू. आणि तो गेला याचं वाईटही वाटतं. दोन्ही. तुझ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही दिसतं का एकदम?"

दिसतं. दोन रेघा असतात. पण हे सांगायच्या आत दादा किल्ल्या वाजवत आला.

७ सप्टेंबर, रवि.

आईचा फोन. व्हिडिओ बघितला म्हणाली. पुढे काही नाही. तिच्याकडे सकाळ होती, पण मागे ते रेकॉर्डिंग लावलेलं नव्हतं. मग तीच म्हणाली, "वरच्या जागी काय झालं गं तिला?"

"घसा," मी म्हटलं.

"हो का," आई म्हणाली. तिने या वेळी ज्येष्ठमध सांगितलं नाही.

आईला कळतं. मला वाटायचं मापायचं काम घरात मी एकटीच करते.

१४ सप्टेंबर, रवि.

सकाळी धुकं. सप्टेंबरात इथे असं क्वचित. तळ्यावरचं कारंजं दिसत नव्हतं, फक्त पडण्याचा आवाज.

दोन डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं, वेळा मिळाल्या. वहिनीला लिहायला बसले. एकदा लिहिलं की कळवलं नाहीस तर मी दादाला सांगेन. वाचलं. खोडलं. आत दाब असताना जबरीने उघडलेलं झाकण मी बघितलेलं आहे, आतलं सगळं उडतं.

मग हे पाठवलं. इथे तसंच उतरवते.

वहिनी,

ऑक्टोबरच्या सहा तारखेला, सोमवारी सकाळी, दोन वेळा मोकळ्या आहेत. एक हार्मोनच्या डॉक्टर, एक घशाच्या. दोघी एकाच इमारतीत. तुझ्या नावाने धरलेल्या नाहीत, तू हो म्हणालीस तर धरीन. स्पर्धेच्या आधीची तारीख मुद्दाम घेतली. नंतरची घेतली असती तर ती अजून नंतरची झाली असती.

गोळ्यांची डबी सोबत घे. त्यात काय आहे ते आपल्या दोघींनाही माहीत नाही. लगेच थांबवायच्या की कसं, ते ट्रिशला नको, त्यांना विचार. रक्ताचे रिपोर्टही आण. मला सगळ्यात काळजी लिव्हरची आहे, आवाजाची नाही, असं लिहिणार होते. ते खोटं झालं असतं. दोन्हीची आहे.

जुना परत येईल असं मी म्हणत नाही. आता आहे तो तुझा आहे, तुला आवडतो, मीटिंगमध्ये लोक थांबतात. मग निदान तो इथे थांबावा. तू ठरवावंस कुठे, त्या डबीने नाही.

गाडी मी चालवीन. दादाला सांगायचं की नाही, तू ठरव. आईला काही सांगायला लागणार नाही.

गुरुवारपर्यंत, अठरा तारखेपर्यंत, हो की नाही ते कळव. टाइप करू नकोस. बोलून पाठव.

अनू